कोझी गेममध्ये मला घाई का होते?

उलटीगणती

काल रात्री स्टारड्यू व्हॅली बंद केला तेव्हा माझे खांदे आखडले होते. कशाने, तर पडद्यावरच्या शेताला पाणी घालून!

एकट्या एरिक बॅरोनने चारेक वर्षं खपून केलेला हा गेम २०१६ साली आला. तेव्हापासून ‘डोकं शांत करायला काय खेळू’ असं कुणी विचारलं की पहिलं नाव त्याचंच निघतं. अशा निवांत, उबदार खेळांना ‘कोझी’ म्हणतात. आता त्याचं घड्याळ बघा. आतला एक दिवस म्हणजे बाहेरची साधारण १४ मिनिटं. सकाळी ६ ला उठायचं आणि रात्री २ च्या आत अंथरूण गाठायचं, नाहीतर असाल तिथे कोसळता आणि खिशातले पैसे जातात. ऋतू २८ दिवसांचा, आणि तो बदलला की उभं पीक वाळून जातं. वर तिसऱ्या वर्षाच्या पहिल्याच दिवशी वारलेले आजोबा अवतरतात आणि तुम्ही दोन वर्षांत काय दिवे लावले त्याचा हिशेब मांडतात. याला निवांत म्हणायचं तर ऑफिसने काय घोडं मारलंय?

माझं म्हणणं असं की कोझी, शैक्षणिक, कथाप्रधान या तिन्ही पाट्या फक्त वेष्टनाबद्दल बोलतात. आत तुमच्या हाताला काम काय आहे ते त्या सांगत नाहीत. आणि गेममध्ये महत्त्वाचं तेवढंच असतं.

शैक्षणिक म्हणून विकले जाणारे बरेच गेम आठवून बघा. राक्षस समोर येतो, सात आठे किती विचारतो, उत्तर बरोबर आलं की मरतो. राक्षस काढला तरी गणित तेवढंच राहतं, गणित काढलं तरी राक्षसाचं काही बिघडत नाही. दोघांची एकमेकांशी ओळखच नाही.

मला शिकवलं कर्बल स्पेस प्रोग्रॅमने, म्हणजे रॉकेट बांधून उडवायच्या गेमने, ज्याच्यावर शिक्षणाची पाटी ठळक नव्हती. कक्षेत पुढे असलेल्या यानाला गाठायचं होतं. मी आपला इंजिन पेटवून वेग वाढवतोय, आणि फेरीअखेर बघतो तर अंतर वाढलेलं. पुन्हा तेच. कारण वेग वाढवला की कक्षा उंच होते, आणि उंच कक्षेतली फेरी जास्त वेळ घेते. पुढच्याला पकडायचं तर यान उलटं फिरवून वेग कमी करावा लागतो. मग तुम्ही खालच्या कक्षेत उतरता आणि तिथली फेरी लवकर संपते. पुढे जाण्यासाठी ब्रेक! शाळेत केप्लर, म्हणजे त्याचे ग्रहांच्या कक्षांचे नियम, पाठ होता, मार्कही मिळाले होते. कळला मात्र त्या रात्री, चौथ्या यानाचं इंधन संपल्यावर.

कथाप्रधान गेमांचंही तेच. चालत जा, पत्र उचल, वाच, पुढे चल. यात मी करतोय काय? पानं उलटतोय. याउलट अनपॅकिंग (२०२१) बघा. एका मुलीचं सामान १९९७ ते २०१८ या काळात आठ वेळा खोक्यांतून काढून लावायचं, बस्स. संवाद नाहीत, ती स्वतः समोर येत नाही. (पुढे रहस्यभेद.) २०१० साली ती प्रियकराच्या घरी राहायला जाते. फ्रेम केलेलं पदवीचं प्रमाणपत्र हातात येतं आणि भिंतीवर त्याला जागाच नसते. मी त्याच्या वस्तू सरकवून पाहिल्या, कपाटं पाहिली. शेवटी प्रमाणपत्र पलंगाखाली गेलं. ते नातं टिकणार नाही हे मला कुणी सांगितलं नाही. माझ्याच हाताने ती फ्रेम पलंगाखाली सरकवली.

असंच व्हॉट रिमेन्स ऑफ एडिथ फिंच (२०१७) मधलं मासळीच्या कारखान्याचं दृश्य. कंट्रोलरच्या उजव्या काठीने एकेक मासा पात्याखाली न्यायचा आणि डाव्या काठीने त्या कामगाराच्या मनातल्या राज्यात फिरायचं. हळूहळू ते राज्य सगळा पडदा व्यापतं, पण उजवा हात मासे कापतच राहतो. कंटाळ्याबद्दल एवढं नेमकं मी कुठेच अनुभवलेलं नाही.

पटत नसेल तर हाणा.

निवांत_कधीतरी

असहमत. घड्याळ गेममध्ये आहे, घाई तुमच्यात आहे.

आजोबांचा निकाल लागला आणि आवडला नाही, तर समाधीपाशी हिरा ठेवायचा, ते पुन्हा हिशेब करतात. कमी गुण मिळाले म्हणून कोणी शेतातून हाकलत नाही. एकट्याने खेळताना मेनू उघडला की घड्याळही थांबतं. मी तर पहिलं अख्खं वर्ष मासेच पकडले.

आणि ‘हे तर काम झालं’ या आक्षेपाबद्दल. बाबा आजारी होते ती दोन वर्षं मी हाच गेम खेळत होते. त्या दिवसांत हातातलं काहीच पुरं होत नसे. औषधं, फोन, कागद, पुन्हा औषधं. रात्री अर्धा तास मिळायचा. चौदा रोपं होती. चौदांना पाणी घातलं की काम संपलं. खरोखर संपलं! मला कामातून सुटका नको होती, संपणारं काम हवं होतं. हे तुम्हाला वेष्टन वाटत असेल तर वाटो.

उलटीगणती

@निवांत_कधीतरी, नाही, हे वेष्टन नाही. ‘संपणारं काम’ हे हाताच्या कामाचंच वर्णन झालं, म्हणजे तुम्ही माझ्याच बाजूने बोलताय (पळवाट आहे, कळतंय मला).

पण मग ॲनिमल क्रॉसिंगचं, त्या बेटावर घर थाटायच्या कोझी गेमचं, काय करायचं? त्याचा न्यू होरायझन्स हा भाग २०२० च्या मार्चमध्ये आला आणि घरात अडकलेल्या कितीतरी लोकांना त्याने तारलं, ते मान्य. त्यातला घर बांधून देणारा टॉम नूक देतो ते कर्ज जगातलं सगळ्यात प्रेमळ कर्ज आहे, व्याज नाही आणि मुदतही नाही. पण त्याचं घड्याळ खऱ्या जगाचं. रोज हजेरी लावली की बक्षीस वाढत जातं, खाडा झाला की पुन्हा पहिल्यापासून. महिनाभराने गेलात तर अंगणात तण आणि शेजारी विचारतात, कुठे होतात इतके दिवस? मी तो गेम अपराधी वाटून सोडला. कंटाळून नाही.

खुसपट

सवयीप्रमाणे दोन खुसपटं.

कर्बलमधल्या ग्रहाची त्रिज्या ६०० किलोमीटर, म्हणजे पृथ्वीच्या दहाव्या हिश्श्याहून कमी. तिथे सेकंदाला सव्वादोन किलोमीटरच्या आसपास वेग आला की कक्षा मिळते. पृथ्वीभोवती पावणेआठ लागतात. शिवाय तो गेम तुमच्या यानावर एका वेळी एकाच गोलाचं गुरुत्व लावतो, त्यामुळे लग्रांज बिंदू (दोन गोलांच्या ओढीत यान जिथे त्यांच्या सोबतीने टिकून राहू शकतं त्या जागा) तिथे अस्तित्वातच नाहीत. तेव्हा ‘मला शिकवलं’ हे जरा जपून. जे शिकवलं ते सोपं करून शिकवलं.

दुसरं: तिन्ही पाट्या निरुपयोगी, मग धाग्यात तिन्ही वापरल्यात कशाला?

फळाखडू

वर्गात शिकवतो, म्हणून राक्षसाची बाजू घेणं मला भाग आहे.

सात आठे छप्पन्न हे समजण्यापुरतं नसतं, ते जिभेवर यावं लागतं. त्याला सराव लागतो, आणि सराव कंटाळवाणा असतो. तोच सराव वहीत दिला तर मूल दहाव्या गणिताला खिडकीबाहेर बघतं, राक्षस असला तर चाळीस करतं. राक्षसाची गणिताशी ओळख नसेना का, मुलाशी आहे ना? बास.

आता तुमच्या कर्बलबद्दल. मी तो मुलांना देऊन पाहिलाय. तिसऱ्या स्फोटानंतर निम्मी मुलं फक्त स्फोटच करत होती. मजेत होती, पण केप्लर लांब राहिला. तुम्हाला त्या रात्री कळला, कारण तो आधी तुमच्या डोक्यात येऊन बसला होता. त्या पाठांतराला धन्यवाद द्यायचे सोडून तुम्ही त्याची टिंगल करताय.

शैक्षणिक गेम म्हणजे राक्षसच, हेही खरं नाही. ओरेगॉन ट्रेल, बैलगाडीने अमेरिकेच्या पश्चिमेकडे निघालेल्या कुटुंबांच्या प्रवासाचा गेम, १९७१ साली मिनेसोटात तीन शिकाऊ शिक्षकांनी इतिहासाच्या तासासाठी केला. तेव्हा पडदाही नव्हता, टेलिटाइपवर कागद छापून यायचा. आता कल्पना करा, वर्गात यंत्र एक आणि डोकी तीस. बैल किती घ्यायचे, बंदुकीच्या गोळ्या किती, यावर भांडण होणारच, आणि माझ्या अनुभवाने सांगतो, शिक्षण त्या भांडणात होतं. कार्मेन सँडिएगो (१९८५) च्या खोक्यात तर जाडजूड माहितीकोश यायचा. चोर कोणत्या देशात पळाला हे शोधायला मूल स्वतःहून संदर्भग्रंथ उघडायचं. हाताचं काम म्हणता ना? पानं उलटणं हेसुद्धा हाताचंच काम आहे.

उलटीगणती

@फळाखडू, केप्लरचं टोचलं. बरोबर आहे. पाठ नसता तर मला फक्त ‘ब्रेक मारला की पुढे जातो’ एवढी युक्ती सापडली असती, तिचं नाव सापडलं नसतं. ते वाक्य मागे घेतो. राक्षस मात्र अजून पटत नाही.

@खुसपट, पाट्या वापरल्या कारण दुकानात त्याच लावलेल्या असतात.

खुसपट

मग युक्ती आणि नाव या फरकावर फोल्डइट आठवा. वॉशिंग्टन विद्यापीठाचा २००८ चा गेम, प्रथिनांच्या घड्या घालायचा. माकडांतल्या एका विषाणूच्या विकराची (एन्झाइमची) रचना शास्त्रज्ञांना दहाहून जास्त वर्षं सापडत नव्हती. २०११ साली प्रसिद्ध झालं की खेळाडूंनी तिचा उपयोगी नमुना काही आठवड्यांत काढून दिला. त्यांतल्या बऱ्याच जणांना जीवरसायन येत नव्हतं. नाव माहीत नसताना युक्ती सापडली, आणि ती कामाची निघाली. मास्तर, याला शिक्षण म्हणायचं की नाही?

फळाखडू

कौशल्य म्हणेन. शिक्षण म्हणायला त्यांनी ते मला समजावून सांगितलं पाहिजे.

प्रेक्षक

कथेचे गेम मी खेळतच नाही, व्हिडिओ बघतो. तीन तासांची कथा, कंट्रोलरशी झटापट नाही. दॅट ड्रॅगन, कॅन्सर (२०१६) च्या निर्मात्यांनी तर जाहीर खंत व्यक्त केली होती की लोक व्हिडिओ बघून मोकळे होतात आणि गेम विकत घेत नाहीत. मला त्यांच्याबद्दल वाईट वाटतं, पण बघून काम भागत असेल तर तो गेम करायलाच कशाला हवा होता?

उलटीगणती

@प्रेक्षक, बाकीचे बघा, पण दोन बघू नका. रिटर्न ऑफ द ओब्रा डिन (२०१८) मध्ये जहाजावरची साठ माणसं, आणि प्रत्येकाचं नाव आणि शेवट तुम्ही ओळखायचा. अंदाज बरोबर आहेत की नाहीत हे गेम तिघांचे जुळल्यावरच सांगतो. कोणाच्या पायात कसले बूट, कोण कोणत्या झोळीत झोपतो, यावरून नाव काढायचं. व्हिडिओत हे बघणं म्हणजे दुसऱ्याने सोडवलेलं शब्दकोडं वाचणं. आणि आउटर वाइल्ड्स (२०१९). दर २२ मिनिटांनी सगळं संपतं आणि पहिल्यापासून सुरू होतं. पुढच्या फेरीत सोबत येतं ते फक्त तुम्हाला कळलेलं. एकदा बघितलात की तो गेम तुमच्यापुरता कायमचा संपला.

एकहाती

सगळं वाचलं. नावावरून कळेलच, पण सांगते. पाच वर्षांपूर्वी पक्षाघात झाला, डावा हात तेव्हापासून नुसता सोबतीला असतो.

तुमचं ते मासळीचं दृश्य मला खेळता आलं नाही. दोन काठ्या, दोन कामं, एकाच वेळी. तिथे गेमने मला सांगितलं की ही कथा तुझ्यासाठी नाही. शेवटी बहीण शेजारी येऊन बसली. तिने डावी काठी घेतली, मी उजवी. ती राज्यात फिरत होती आणि मी मासे कापत होते. मध्येच ती म्हणाली, अगं बघ ना किती सुंदर शहर आहे, आणि मला बघायला फुरसत नव्हती. त्या कामगाराची दोन मनं आम्ही अक्षरशः वाटून घेतली होती. म्हणजे ते दृश्य मला तुमच्यापेक्षा जास्त लागलं असेल. पण ते बहिणीमुळे, गेममुळे नाही.

म्हणून ‘पानं उलटतोय’ हे वाक्य मला खुपलं. चाला, वाचा, पुढे चला एवढंच मागणारे गेम हे मला पुरते खेळता येणारे गेम आहेत. डिस्को एलिझियम (२०१९), एका पोलिस तपासाची गोष्ट, मी नुसत्या माउसवर संपवला. कुठेही लढाई नाही, नायकाची चोवीस कौशल्यं त्याच्या डोक्यात बडबडत असतात, आणि फासा उलटा पडला तरी गोष्ट थांबत नाही, भलतीकडे वळते. धागा घड्याळावरून सुरू झालाय म्हणून सांगते: तिथे वेळ पुढे सरकतो तो तुम्ही कोणाशी बोललात, काही वाचलंत तरच. नुसते उभे राहिलात तर दुपार दुपारच राहते. खून, दारू, मोडकळीला आलेलं शहर, कोझीचा लवलेश नाही, आणि इतकं निवांत घड्याळ मला दुसरीकडे कुठे मिळालेलं नाही.

निवांत_कधीतरी

+१. आणि बहिणीला नमस्कार.

उलटीगणती

@एकहाती, यावर प्रतिवाद नाही. मी ‘हात’ म्हणताना दोन धरून चाललो होतो, ते लिहिताना लक्षातही आलं नाही.

विचारू का? बिफोर युअर आइज (२०२१) खेळलात? तो डोळ्यांवर चालतो. वेबकॅम तुमच्या पापण्या बघतो, पापणी लवली की आयुष्यातला काळ पुढे उडी मारतो. आईचं वाक्य अर्धवट राहतं आणि तुम्ही आधीच दोन वर्षं पुढे गेलेले असता. मी डोळे ताणून बसलो होतो, पाणी येईपर्यंत.

खुसपट

म्हणजे पुन्हा घड्याळच. आणि या खेपेला खांदे नाहीत, डोळे आखडले.

एकहाती

नाही खेळले. आत्ताच उतरवून घेतला. कॅमेऱ्याला माझ्या चष्म्यावरची चकाकी आवडत नाहीये, दर दोन सेकंदांनी मी पापणी मिटली असं त्याला वाटतंय. या गतीने सगळं आयुष्य पाच मिनिटांत संपेल. टेबलावरचा दिवा हलवून बघते.