अमेरिकेत आपली उपकरणं: नुसता ॲडॉप्टर पुरेल का?

शर्वरी_कोथरूड: आईबाबा सहा महिन्यांसाठी भावाकडे न्यू जर्सीला चाललेत. बरोबर मोबाइल चार्जर, तीन पिनांचा लॅपटॉप, बाबांचं सीपॅप मशीन (झोपेत श्वास अडू नये म्हणून हवा देणारं), आणि आईचा हट्ट म्हणून ७५० वॉटचा मिक्सर व १५०० वॉटची किटली. एकाच 'युनिव्हर्सल' ॲडॉप्टरवर सगळं चालेल ना?

तारवाला: नाही. ॲडॉप्टर फक्त पिनांचा आकार बदलतो, व्होल्टेज तेच राहतं. आपल्याकडे २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. तिकडे १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. प्रत्येक वस्तूवरचं बारीक अक्षरातलं लेबल वाचा. इनपुट '१००–२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ' असेल तर ॲडॉप्टर पुरे. चार्जर आणि लॅपटॉपवर बहुधा तसंच असतं. सीपॅपच्या पॉवर सप्लायवरचं मात्र स्वतः वाचून खात्री करा.

किटली घरीच ठेवा. व्होल्टेज निम्म्यावर आलं की वॉट चौथाईच्या आसपास येतात. म्हणजे जेमतेम ४०० वॉट, चहाचं आधण यायची वाट बघत बसा. उलटं करणं मात्र खरं धोक्याचं: तिकडचा फक्त १२० व्होल्टचा हेअर स्ट्रेटनर इथे लावला तर साडेतीनपटीहून जास्त वीज खेचून जळतो.

गिरमिट: मिक्सरचं वेगळं सांगतो. १२० वर तो फिरेल, पण जोर नसेल. सुकं खोबरं घातलं की पातं अडकतं, आणि अडकलेल्या मोटरचं वाइंडिंग (आतली तारेची गुंडाळी) तापून वास सुटतो. चालवायचाच तर व्होल्टेज वाढवणारा स्टेप-अप ट्रान्सफॉर्मर हवा, तोही ७५० नव्हे, किमान १५०० व्हीएचा (व्होल्ट-अँपिअर, ट्रान्सफॉर्मरची क्षमता), कारण सुरू होताना मोटर बराच जास्त करंट घेते. ही वस्तू काही किलोंची असते. बॅगेत नेऊ नका. हर्ट्झ त्यानेही बदलत नाहीत, पण मिक्सरची मोटर कार्बन ब्रशची असल्याने बिघडत नाही. हलका, स्वस्त 'कन्व्हर्टर' मात्र घेऊ नका, तो फक्त हीटरसारख्या साध्या वस्तूंसाठी असतो. सरळ उपाय म्हणजे तिकडच्या भारतीय दुकानातून ११० व्होल्टचा मिक्सर.

तारवाला: अर्थिंगचं राहिलं. बरेच युनिव्हर्सल ॲडॉप्टर अर्थची पिन पुढे नेतच नाहीत. मग धातूच्या लॅपटॉपला हात लावला की मुंग्या येतात. त्यावर इलाज स्वस्त आहे: लॅपटॉपच्या चार्जरच्या विटेपासून भिंतीपर्यंतची वायर सुटी निघते, तेवढीच तिकडच्या तीन पिनांची घ्या. जड प्लग ॲडॉप्टरला लोंबकळणंही टळतं. सैल बसलेल्या पिनांशीच उष्णता साठते आणि प्लास्टिक वितळतं. ॲडॉप्टरचा फ्यूजही बघा: ६ अँपिअर म्हणजे १२० व्होल्टवर फक्त ७२० वॉट.

शर्वरी_कोथरूड: मिक्सर, किटली रद्द. इथला स्पाइक गार्ड नेला तर?

गिरमिट: चार्जर चालतील, पण संरक्षण नावालाच. आतला सर्ज (व्होल्टेजची अचानक उसळी) रोखणारा भाग २३० साठी निवडलेला असतो. तिकडचा, यूएल खूण (तिकडची सुरक्षा-चाचणीची खूण) असलेला घ्या, आणि परत येताना तो आणू नका; इथल्या २३० वर त्यातला तोच भाग तापून धूर काढतो. बाथरूमजवळच्या सॉकेटला 'टेस्ट' आणि 'रीसेट' अशी दोन बटणं दिसतील. वीज गेली वाटली तर आधी 'रीसेट' दाबून बघायला सांगा.