अपेंडिक्सच्या दुर्बिणीच्या ऑपरेशनला स्टेपलर लागतोच का?

मुलुंडचा_मामा:
भाचा 19 वर्षांचा, आधी बेंबीपाशी दुखत होतं मग उजवीकडे खाली सरकलं, सीटीत अपेंडिक्स 11 एमएम सुजलेलं आणि आत खडा असं आलंय, फुटलेलं नाहीये. उद्या सकाळी दुर्बिणीने काढतायत. सही घेताना डॉक्टर म्हणाले स्टेपलर (अपेंडिक्सचा बुंधा पिना मारून बंद करायचं यंत्र) लागला तर चार्ज वेगळा पडेल, आणि मेडिक्लेमवाले म्हणतात तो पास होईलच असं नाही. ताईचं म्हणणं, नाही लावला तर आतून लीक होईल. खरंच लागतो का? शिवाय शेजारचे काका सांगतायत की हल्ली नुसत्या अँटिबायोटिकवर भागतं.

ओटीतला_उंदीर:
परळला सर्जरीत रेसिडेन्सी करतोय. न फुटलेल्या अपेंडिक्सला आम्ही सर्रास लूपच लावतो, म्हणजे तयार गाठीचा धाग्याचा फास. बेंबीतून 10 एमएमचा पोर्ट (आत जायची नळी) कॅमेऱ्याला, अजून दोन 5 एमएमचे, पोटात कार्बन डायऑक्साइड भरायचा, टेबल डोक्याकडून खाली आणि डावीकडे कलवलं की आतडी बाजूला होतात. मग रक्तवाहिनी ज्या पदरात असते तो जाळून सोडवायचा आणि बुंध्याशी लूप सरकवून आवळायचा, बुंध्याकडे दोन, पलीकडे एक, मधून कात्री. अपेंडिक्स पिशवीत घालून बाहेर, नाहीतर पू बेंबीच्या जखमेला लागतो. लूप नसेल तर साध्या धाग्याची रोडर गाठ हाताने मारतात, स्वस्तात मस्त. स्टेपलर कधी, तर बुंधाच सडलेला किंवा खूप जाड झालेला असेल तेव्हा, आणि ते आत बघितल्याशिवाय कळत नाही. डॉक्टरांनी आधी सांगून ठेवलं हे उलट बरंच केलं.
काकांचं अगदीच चूक नाही, पण खडा आहे ना. अमेरिकेतल्या 2020 च्या कोडा स्टडीत अँटिबायोटिकवर ठेवलेल्यांपैकी 10 मधल्या 3 जणांचं 90 दिवसांत ऑपरेशन झालंच, खडा असलेल्यांत 10 मधल्या 4 जणांचं.

विरार_फास्ट:
माझं गेल्या वर्षी झालं, लूपच लावला होता. पोट राहिलं बाजूला, उजवा खांदाच असा ठणकत होता की सिस्टरला विचारलं ओटीत माझ्या अंगावर काय पडलं का 😄 उरलेल्या गॅसमुळे होतं म्हणे, दोन दिवसांत गेलं. भाच्याला आधीच सांगून ठेवा आणि लगेच चालायला लावा.

जुना_गिरगावकर:
1980 ला जर्मनीत कुर्ट झेम नावाच्या गायनॅक डॉक्टरने दुर्बिणीने पहिलं अपेंडिक्स काढलं तेव्हा सर्जन लोकांनी त्याला वेड्यात काढलं होतं, आणि हा फास लॅपरोस्कोपीत त्यानेच आणला. आपल्याकडे डॉ. उडवाडियांनी 1990 मध्ये मुंबईच्या जेजे हॉस्पिटलात दुर्बिणीने पित्ताशय काढलं. म्हणजे लूप ही काय कंजूष लोकांची सोय नाही, ताईंना सांगा.

टीपीए_डेस्क:
स्टेपलर वापरलाच तर का वापरला ते ऑपरेशन नोटमध्ये लिहून घ्या आणि पाकिटावरचा स्टिकर बिलाला लावायला सांगा, मेडिक्लेमवाल्यांची क्वेरी आली की हेच मागतात.

मुलुंडचा_मामा:
थँक्यू सगळ्यांना. घरी आल्यावर काय बघायचं?

ओटीतला_उंदीर:
जखम पिकणं दुर्बिणीत कमी असतं. आत पू साठू शकतो, पण तो जास्त करून फुटलेल्या केसमध्ये. घरी गेल्यावर पुन्हा ताप, पोट फुगणं, सारखं संडासला जावंसं वाटणं, यातलं काही झालं तर फोनवर गोळी विचारत बसू नका, सरळ दाखवा, सोनोग्राफी करतील. आणि काढलेल्या अपेंडिक्सच्या बायोप्सीचा रिपोर्ट आठवणीने घ्या, निम्मे लोक टाके दाखवायला येतात आणि तो तसाच लॅबमध्ये पडून राहतो.