सर्रासाठी टी-आरएनएची वाट अडवायची का?

काचपट्टीवाला: काल गंगावेशीत दूध घ्यायला गेलो तर नेहमीच्या गवळीमामांची म्हैस सर्रा या रक्तातल्या जंतूच्या रोगानं खंगलेली, दूधही आटलंय. माझं मत सरळ आहे. त्या जंतूच्या, ट्रिपॅनोसोमाच्या, मायटोकॉन्ड्रियात (पेशीच्या ऊर्जाघरात) टी-आरएनएचं, म्हणजे प्रथिन बनवताना अमिनो आम्लं आणून देणाऱ्या रेणूचं, एकही जनुक नाही, माणसाच्यात २२ आहेत. म्हणजे याला प्रत्येक टी-आरएनए बाहेरच्या पेशीद्रवातून आत न्यावा लागतो. ती वाट अडवणारं औषध शोधा, जंतू गार!

गोठ्यातला डॉक्टर: भावा, जंतू चुकला तुझा. सर्रा होतो ट्रिपॅनोसोमा इव्हान्सायनं. त्यानं कायनेटोप्लास्टमधली, म्हणजे मायटोकॉन्ड्रियातल्या डीएनएच्या जुडग्यातली, मोठी वलयं कधीच टाकून दिलीत, आणि मायटोकॉन्ड्रियातल्या प्रथिनांची जनुकं असतात त्याच वलयांवर. चूलच पेटत नाही तिथं सरपण अडवून काय होणार?

काचपट्टीवाला: मान्य, इव्हान्साय निसटला. पण त्याचा भाऊबंद, निद्रारोगाचा जंतू ब्रुसाय? रक्तात असतानाही त्याला आत प्रथिनं बनवावीच लागतात, एटीपी सिंथेज या एन्झाइमचा एक घटक तिथलाच. काळ्या आजाराचा लीशमानिया आहेच. आणि ही आयात म्हणजे सताड उघडं दार नव्हे. प्रथिनाची सुरुवात करणारा मेथिओनिनचा टी-आरएनए बाहेरच राहतो, साखळी वाढवणारा तेवढा आत जातो. ट्रिप्टोफॅनवाल्याची तर गंमतच. आत गेल्यावर त्याच्या 'सीसीए' अँटिकोडॉनमधला (संदेशातला तीन अक्षरांचा शब्द ओळखणाऱ्या तीन अक्षरांतला) पहिला सी बदलून यू होतो, मग संदेशातलं 'यूजीए' म्हणजे 'थांब' न राहता ट्रिप्टोफॅन होतं. इतकं नाजूक काम बिघडवायला सोपंच असणार.

रंकाळ्यावरून: 'असणार'वर औषध होत नाही. ब्रुसायमध्ये मायटोकॉन्ड्रियात प्रथिनं आत घेणाऱ्या दाराचं टिम१७ हे प्रथिन कमी केलं की टी-आरएनएची आवकही घटते. म्हणजे ही वाट प्रथिनांच्या दाराशी गुंतलीय, आणि टिम१७ आपल्याही पेशीत आहे. पेशंट वाचेल याची हमी कोण देणार?

काचपट्टीवाला: बाहेरच्या पडद्यावरचं त्यांचं दार, एटॉम, आपल्या पेशीतल्या तशाच दारापेक्षा, टॉमपेक्षा, बरंच वेगळं आहे. तिथं धरा की.

गोठ्यातला डॉक्टर: धरा, पण सर्राच्या नावावर नको. २००४ साली चंद्रपूर जिल्ह्यात एका शेतकऱ्याला इव्हान्साय झाला. त्याच्या रक्तात जंतू मारणारं एपीओएल१ हे प्रथिनच नव्हतं. बरा झाला तो सुरामिन या जुन्या औषधानं. बाकी वाद रात्री घालू. मामांच्या म्हशीचं रक्त काचपट्टीवर घेतलंस का नुसतं दूधच पिऊन आलास?