छंद मुलांचे की आपले?

डोंबिवलीकर बाप

कालचा 'घरात कलेचं वातावरण हवं' हा लेख वाचून डोकं उठलं, म्हणून सविस्तर लिहितोय. लेखिका मुंबईत राहतात, मुलगा सात वर्षांचा. सकाळी साडेसहाला तानपुऱ्याचं ॲप लावून पाऊण तास सरगम. शनिवारी चित्रकला, रविवारी जहांगीर कलादालन नाहीतर एनसीपीएचं नाट्यगृह. डब्यात नाचणीचे पॅनकेक. वाढदिवसाला केक नाही, आणि आलेल्या वीस मुलांना रिटर्न गिफ्ट म्हणून वारली रंगवायचं किट. शेवटचं वाक्य: 'वेळ नाही ही सबब आहे.'

हे वाक्य मला लागलं. सातच्या आत गाडी पकडतो, घरी यायला रात्रीचे साडेआठ वाजतात. बायकोचीही तीच तऱ्हा. यात सबब कुठली?

पण माझा खरा आक्षेप वेगळाच आहे. अख्ख्या लेखात मुलाने स्वतःहून काय केलं ते एकदाही आलेलं नाही. आई नेते, आई लावते, आई निवडते. माझी मुलगी आठ वर्षांची आहे, तिला कुठलाच क्लास नाही. विजेच्या बिलामागे ती आमच्या लिफ्टमनकाकांचं चित्र काढते आणि दर वेळी त्यांचे कान आणखी मोठे होतात. का, म्हणून विचारलं तर म्हणाली, "त्यांना सगळ्या मजल्यांवरच्या हाका ऐकाव्या लागतात ना!" हे कुठल्या क्लासात शिकवतात? घरात माझ्या वडिलांची पेटी आहे. भाता फाटलाय, एक पट्टी दाबली की शेजारचीही वाजते. त्यावर ती तासन् तास 'सा' शोधत बसते.

हौस आपली असेल तर क्लास आपण लावावा, चाळिशीत का होईना. पोराच्या खांद्यावर ते ओझं देऊ नये.

लेख लिहिणारी आई

मीच ती. 'सबब' या शब्दाबद्दल माफी मागते, तो सरसकट लिहायला नको होता. बाकीचं मागे घेणार नाही.

मी लातूरची. चित्रकलेच्या एलिमेंटरी परीक्षेला ए ग्रेड होती. नववीत इंटरमीजिएटचा फॉर्म भरायच्या वेळी वडील म्हणाले, पुढच्या वर्षी दहावी आहे, आता हे पुरे. माझ्या पोस्टर कलरच्या सहा बाटल्या माळ्यावर गेल्या. बारावीनंतर काढल्या तेव्हा रंगांचे दगड झाले होते आणि पिवळ्याला मधोमध तडा गेला होता. तो तडा मला अजून दिसतो. माझ्या मुलाच्या बाबतीत असं होऊ देणार नाही.

श्रीमंतांचे चोचले असा सूर तुमच्या लिहिण्यात आहे. जहांगीरला तिकीट लागत नाही. फेब्रुवारीतल्या काळा घोडा महोत्सवालाही लागत नाही.

आणि 'स्वतःहून' म्हणजे काय हो? तानपुरा कधी कानावरच पडला नाही, तर मूल तो मागेल कसं? तुमची मुलगी पेटीपाशी बसते, कारण पेटी घरात होती. ती पेटी कुणाची तरी हौसच होती ना?

षड्ज

मूळ विषय चालू द्या, पण फाटक्या पेटीवर मूल 'सा' शोधतंय हे वाचून राहवलं नाही. आधी ते बंद करा. सव्वीस वर्षं गाणं शिकवतोय, म्हणून कळकळीने सांगतो. पेटीत सप्तकाचे बारा सूर ठरलेले असतात. दोन पट्ट्यांमधून मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, निघत नाही, दरबारी रागाचा डोलणारा कोमल गंधार तर पेटीत नाहीच. याउलट तानपुरा नीट जुळला की खर्जाच्या, म्हणजे सगळ्यात खालच्या सुराच्या, तारेतून गंधार आपोआप ऐकू येतो, कुणीही न छेडता. तो पहिल्यांदा कानावर पडला की मुलाचा चेहरा बदलतो. मी तो बदललेला पाहिलाय.

माझ्याकडे अकरा वर्षांची एक मुलगी पेटीवर तीन वर्षं शिकून आली. पेटी चालू असली की अचूक गायची. पेटी बाजूला केली, तर दुसऱ्याच ओळीत 'सा' सुटला आणि ती रडायला लागली. तो सूर परत बसवायला दोन वर्षं गेली.

कृष्णाकाठ

झालं सुरू! पेटीवरचा हा राग फार जुना आहे. १९४० साली आकाशवाणीने तिच्यावर बंदी घातली आणि ती कित्येक वर्षं टिकली. म्हणून पेटी संपली का? गोविंदराव टेंबे, पी. मधुकर, अप्पा जळगावकर ही पेटी वाजवणारी माणसं काय कानाची कच्ची होती?

आमच्या गावात तानपुरा कुणाच्याच घरी नव्हता, तेही गाव मिरजेपासून दीड तासावर असून. मिरज म्हणजे सतार-तानपुऱ्यांसाठी देशभर नाव असलेलं गाव, पण तो विकत घेण्याची आमची ऐपत नव्हती. भजनी मंडळाची एक पेटी देवळाच्या कोनाड्यात असायची. माझी आई भांगलणीवरून यायची, हात धुवायची, पदराने पेटीवरची धूळ पुसायची आणि काळी चारच्या पट्टीत अभंग धरायची. ती बेसूर होती असं मला कुणी सांगू नये.

षड्ज

तुमच्या आईबद्दल मी एक अक्षरही लिहिलेलं नाही, त्यांना यात ओढू नका. भजनाला पेटी हवीच. टेंबे, जळगावकर गायकाचा गळा ऐकत त्याच्या मागून जायचे. शिकणाऱ्या मुलाचं उलटं होतं, पेटी पुढे आणि गळा मागे. मी साथीबद्दल बोलत नाहीये, तालमीबद्दल बोलतोय. एवढा फरक कळत नसेल तर वाद घालण्यात अर्थ नाही.

कृष्णाकाठ

फरक कळतो. 'बंद करा' हे शब्द तुमचे आहेत, तेही आठ वर्षांच्या पोरीसाठी, जिला तालीम द्यायला कुणीही नाही. पेटी काढून घेतली तर तिच्या हातात तानपुरा येणार आहे का? मोबाइल येईल. शुद्धतेच्या नावाखाली तुम्ही लोक दार लावून घेता, राग त्याचाच आहे.

डहाणूचा गुरुजी

तुमची पेटी थांबवून जरा माझंही ऐका. 'वारली किट' वाचून मी तिथेच अडकलोय. आमच्याकडे लग्नाच्या वेळी सवाशिणी भिंतीवर चौक लिहितात. काढत नाहीत, लिहितात. कुडाच्या भिंतीवर गेरू, तांदळाच्या पिठाचं पाणी आणि टोक ठेचलेली बांबूची काडी. चौकात पालघट देवी बसते, धवलेरी, म्हणजे लग्नविधी करणारी बाई, गाणी म्हणते. वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसेंना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, वारली चित्रांना २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. आणि खोक्यात काय येतं? एमडीएफची, म्हणजे दाबलेल्या लाकडी भुश्याची, गोल थाळी, आधीच छापलेल्या रेघा, पांढऱ्या ॲक्रिलिकची डबी. माझ्या शाळेतल्या एका मुलीला कुणी पाहुण्याने असं किट दिलं. तिने ते उलटंसुलटं करून पाहिलं आणि विचारलं, "गुरुजी, ह्यात देवी कुठं हाय?" मला उत्तर देता आलं नाही.

माहेर रत्नागिरी

नाचणीच्या घावनाला पॅनकेक का म्हणायचं, हे कुणीच विचारलं नाही. बिडाच्या तव्यावर, कांद्याच्या फोडीने तेल फिरवून केलेलं जाळीदार घावन आम्ही परकर-पोलक्यात असल्यापासून खातोय. नाव बदललं की मुलाला ते आजीचं वाटत नाही, दुकानातलं वाटतं. आणि त्याला एकदा स्वतःला घालू द्या. पहिलं तुटेल, दुसरं जाड होईल. माझ्या नातवाने गणपतीत केलेल्या मोदकाला तीनच कळ्या होत्या, तो वाफेत उघडा पडला. नैवेद्याच्या पानात मी तोच वर ठेवला.

लेख लिहिणारी आई

गुरुजी, एक किट उरलं होतं, खोकं उलटून पाहिलं. मागे 'ट्रायबल आर्ट' एवढंच छापलंय, वारली लोकांचा उल्लेखही नाही. ही माझी चूक आहे. पुढच्या वाढदिवसाला सावंतवाडीची लाकडी फळं आणणार आहे, चितारआळीतून स्वतः जाऊन. घावन हे नावही मान्य.

डोंबिवलीकर, तुमचं म्हणणं मला पूर्ण पटलेलं नाही. तरी या शनिवारी मुलाला विचारलं, काय करायचं? म्हणाला, "काहीच नाही." ते ऐकून मला त्रास झाला, खोटं कशाला बोलू. क्लासला पाठवलं नाही. दुपारभर त्याने चादरी बांधून बोगदा केला आणि आतून मोठ्याने गात बसला. सकाळच्या सरगमेतलं एकही वाक्य नव्हतं त्यात. सकाळचा तानपुरा मात्र चालूच राहील.

डोंबिवलीकर बाप

पेटी घरात होती म्हणून मुलगी तिच्यापाशी बसली, हा तुमचा मुद्दा दोन दिवस खोडायचा प्रयत्न केला, जमलं नाही. ती पेटी वडिलांनी भिशीच्या पैशातून घेतली होती. आजी महिनाभर त्यांच्याशी बोलत नव्हती.

षड्ज, पेटी बंद करणार नाही. पण काल ॲपवर तानपुरा लावला आणि तिला पेटीचा 'सा' धरायला सांगितलं. थोडा वेळ ऐकून म्हणाली, "बाबा, हे दोघं भांडतायत."

षड्ज

भांडण ऐकू आलं म्हणजे कान शाबूत आहे. माझी भीती तिच्यापुरती मागे घेतो, फक्त तिच्यापुरती. भात्याला आतून चामड्याची पट्टी लावून घ्या, हवा थांबेल. सूर उतरलेत, ते जाणकाराकडून घासून जुळवून घ्या. घरी कानस लावू नका.

कृष्णाकाठ

दिवाळीत या बाजूला आलात तर पेटी सोबत आणा. मिरजेत दुरुस्ती करणारे आहेत, मी येईन बरोबर.