अँटिबायोटिकचा कोर्स संपला, लस लगेच द्यावी का?

पिल्लूचीआई: मुलाच्या कानात इन्फेक्शन झालं होतं, अमॉक्सिसिलिनचा शेवटचा डोस काल रात्री संपला. ताप गेलाय, खेळतोय, शी मात्र अजून जरा पातळ आहे. परवा डीपीटीचा बूस्टर आहे. सासूबाई म्हणतात, महिनाभर थांब, औषध अंगातून जाऊ दे. जाऊबाईंच्या मते अँटिबायोटिकनंतर लस लागूच पडत नाही. काय करू?

निवृत्तसिस्टर: परवाच द्या गं. लसीकरणाच्या खोलीत माझी अर्धी नोकरी गेली, हा प्रश्न रोजचा! अँटिबायोटिक जिवाणू मारतं. डीपीटीत घटसर्प-धनुर्वाताचं निष्प्रभ केलेलं विष असतं आणि डांग्या खोकल्याचे मेलेले जिवाणू किंवा त्यांचे नुसते अंश. मेलेल्याला आणखी काय मारणार? गोवर-रुबेलाच्या लशीत जिवंत विषाणू असतात, पण विषाणूंवर अँटिबायोटिक चालतच नाही. औषध चालू असतानाही आम्ही टोचायचो.

परत पाठवायचो ते आजारामुळे. मूल तापाने फणफणलेलं, मलूल असलं की थांबायचं, कारण नंतरचा ताप लशीचा की दुखण्याचा हे कळत नाही. जराशा पातळ शीसाठी तारीख चुकवायची नाही. आणि लशीसाठी कोर्स मध्येच तोडायचा नाही, हे तर आई-बाबांना दटावूनच सांगावं लागे.

खरी अडचण तोंडावाटे घ्यायच्या टायफॉइडच्या लशीची. तिच्यात दुबळे केलेले जिवंत जिवाणूच असतात, म्हणून अँटिबायोटिकच्या शेवटच्या डोसनंतर किमान 72 तास जाऊ द्यायचे. टायफॉइडच्या इंजेक्शनला हे लागू नाही.

चष्मिष: मी ओठावरच्या फोडांसाठी असायक्लोव्हिर घेतोय. कांजिण्यांची लस घ्यायची आहे. हेही अँटिबायोटिकच ना?

निवृत्तसिस्टर: नाही हो, ते विषाणूंवरचं औषध, आणि कांजिण्यांच्या विषाणूलाही ते मारतं! लशीत तोच विषाणू, जिवंत. लशीच्या किमान 24 तास आधी गोळ्या बंद हव्यात, नंतरही शक्यतो 14 दिवस नकोत. पण बंद करायच्या की लस पुढे न्यायची, ते डॉक्टरांना विचारा.

पिल्लूचीआई: सासूबाईंना वाचून दाखवलं, "बघा बाई" म्हणाल्या. निघताना पॅरासिटामॉल देऊन ठेवू का?

निवृत्तसिस्टर: डॉक्टरांनी सांगितलं नसेल तर आधीच नको. ताप आला, कुरकुर वाढली तर द्या, वजनाप्रमाणे. आणि अमॉक्सिसिलिनने अंगावर पुरळ उठलं असेल तर ते डॉक्टरांच्या कानावर घाला, पुढच्या औषधांसाठी.