'अस्वलं आणि मंडळी' ग्रुप: शिकागो बेअर्स विरुद्ध ग्रीन बे पॅकर्स, लॅम्बोवरच्या (पॅकर्सचं मैदान) अमेरिकन फुटबॉल मॅचआधी

शनिवार, ४ जानेवारी २०२५

नाना नेपरव्हिल: उद्या १२ ला किकऑफ. सगळ्यांनी ११ पर्यंत पोचायचं, साबुदाणा भिजवलाय आणि वडे गरम खायचे असतात हे दरवेळी सांगायला लावू नका. बंड्या तू काही येणार नाहीस

बंड्या मिलवॉकी: मामा शत्रूच्या घरी वडे खायला माझी ना नाही पण मॅच संपल्यावर तुमचे चेहरे बघवत नाहीत हो. लागोपाठ ११ वेळा 🙏

मेघाताई: पाठ आहे आम्हाला. १६ डिसेंबर २०१८ नंतर पॅकर्सना एकदाही हरवलेलं नाही. ओंकार तेव्हा तिसरीत होता, आता गाडी शिकतोय

कुसुमआत्या सांगली: यंदा बर्फ कोण काढतंय मग?

नाना नेपरव्हिल: कोण काढणार, मीच. हरेल त्याने दुसऱ्याच्या ड्राइव्हवेवरचा बर्फ काढायचा अशी पैज आहे आणि हा तुझा मुलगा ६३ वर्षांच्या मामाला मिलवॉकीपर्यंत गाडी हाकत बोलावतो फावडं घेऊन

बंड्या मिलवॉकी: आई खोटं आहे. एकदाच आले होते, त्यातही अर्धा बर्फ मीच काढला आणि वर आमटी-भात जेवून गेले

जावईबापू: एक बोलू का, रागावू नका. उद्या हरलेलं बरं.

नाना नेपरव्हिल: ???

जावईबापू: नाना आपण ४-१२ आहोत, ४ जिंकलो १२ हरलो. सलग १० हरलो, आपल्या डिव्हिजनमधल्या (गटातल्या) टीम्सशी ०-५. प्लेऑफचा प्रश्न कधीच संपला. एक मॅच जिंकून मिळणार काय? ड्राफ्टमध्ये, म्हणजे नवे खेळाडू निवडायच्या रांगेत, नंबर मागे जाणार. २०२२ ला आपण ३-१४ होतो म्हणून पहिला नंबर मिळाला, तो कॅरोलायनाला दिला तर त्या बदल्यात डीजे मूर आला आणि त्यांचा जो पुढचा पिक (निवडीचा नंबर) मिळाला त्यातून क्वार्टरबॅक, म्हणजे बॉल फेकणारा, केलेब विल्यम्स आला. म्हणजे आज टीममध्ये जे काही बरं आहे ते हरण्याच्या कृपेने आहे

बंड्या मिलवॉकी: भावोजी तुम्ही एकटे शहाणे त्या घरात

नाना नेपरव्हिल: जावईबापू तुमचा हिशोब बरोबर असेल, तुम्ही अकाउंट्सवाले. पण डेट्रॉइटकडून मुद्दाम हरा, मिनेसोटाकडून हरा, जग्वार्सकडून हरा, मी वडे खाऊन गप्प बसेन. पॅकर्सकडून मुद्दाम हरायचं नसतं. १९२१ पासून चाललंय हे भांडण, मी यात १९८५ च्या ऑगस्टमध्ये आलो तर मी काय म्हातारा नव्हे या हिशोबात

मेघाताई: झालं, आता ८५ सुरू

नाना नेपरव्हिल: हो सुरू. २१ ऑक्टोबर १९८५, सोमवारची रात्र, मला या खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं आणि रूमवरच्या पोरांनी टीव्हीसमोर बसवलं. गोल लाइनवर आलो की कोच डिटकाने विल्यम पेरीला आणायचं, ज्याला सगळे फ्रीज म्हणायचे, ३०० पौंडांच्या वरचा डिफेन्सवाला माणूस, त्याने पुढे घुसून वाट करायची आणि मागून वॉल्टर पेटन आत. एकदा केलं. मग पुढच्या वेळी फ्रीजच्याच हातात बॉल दिला आणि तोच आत गेला. मग परत पेटन. समोर पॅकर्स. २३-७. तेव्हा मला हा खेळ कळला, की समोरच्याला माहितीये काय येतंय आणि तरी त्याला थांबवता येत नाही. म्हणून म्हणतो उद्या आपल्या रनर स्विफ्टच्या हातात बॉल द्या आणि पळवा, थंडीत फेकाफेकी नको

मेघाताई: बाबा ती लाइन, म्हणजे बॉलवाल्यापुढची भिंत, वेगळी होती. आपल्या आत्ताच्या लाइनने केलेबला या सीझनला ६० हून जास्त वेळा पाडून घेतलंय. २६ तारखेला सिॲटलसमोर ७ वेळा पडला आणि ती मॅच ३-६ ने हरलो, फुटबॉलचा स्कोअर आहे की कॅरमचा. जी लाइन धड दोन सेकंद उभी राहत नाही ती स्विफ्टला काय वाट करून देणार

मेघाताई: नोव्हेंबरची आपल्या मैदानावरची, सोल्जर फील्डची पॅकर्सशी मॅच आठवा. कोच थॉमस ब्राउनकडे ऑफेन्स आल्यावरची पहिली मॅच. त्याने काय केलं तर केलेबच्या हातात बॉल ठेवूच दिला नाही, आला की फेक, आला की फेक, आणि नाही सुचलं तर पळ. ३१ पैकी २३ पास पूर्ण आणि वर पळून ७० यार्ड. आपण सीझनभर जे हरलो त्यात सगळ्यात चांगले तेव्हा खेळलो. तोच प्लॅन परत हवा फक्त आता ब्राउन हेड कोच आहे म्हणजे घड्याळसुद्धा त्याच्याच हातात

बंड्या मिलवॉकी: ताई आमचे डिफेन्सवाले पण ती मॅच बघून बसलेत ना. छोटे पास हवेत का? घ्या. पुढचे लोक बारीक बारीक जागा सोडतात आणि मागे मॅकिनी वाट बघत बसलेला असतो, ८ इंटरसेप्शन (समोरच्याचे पळवलेले पास) आहेत त्याची. केलेब बॉल सहसा फुकट देत नाही हे मान्य पण त्याची दुसरी बाजू अशी की तो फेकायचं टाळतो, हातात धरून ठेवतो, आणि मग तुमचे ते ६० 😄

ओंकार: बंड्यामामा तुमच्या रनरला, जेकब्सला, कसं स्टॉप करायचं ते सांग ना

बंड्या मिलवॉकी: मी कशाला सांगू रे, मी पॅकर्सचा आहे

ओंकार: मॉम म्हणते बॉक्समध्ये, म्हणजे पुढे लाइनजवळ, ८ लोक ठेवायचे. बट देन त्यांचा क्वार्टरबॅक लव्ह डीप फेकतो वॉटसनला. नोव्हेंबरमध्ये ६० यार्डचा पकडला त्याने

मेघाताई: अगदी बरोबर. जेकब्सला थांबवायला सगळे पुढे आणलेस की लव्ह हातात दिल्यासारखं दाखवतो आणि मागे फेकतो. पण माझं मत तरीही पुढे माणसं हवीत असंच आहे. वॉटसनचा लांबचा पास एखादा बसेल, जेकब्स मात्र दर खेपेला ५ यार्ड खातो आणि आपला डिफेन्स चौथ्या क्वार्टरपर्यंत पार उसाचं चिपाड होतो

कुसुमआत्या सांगली: मला एक सांगा, चार चढायांत दहा यार्ड जायचं, बरोबर? आणि तीन चढायांत नाही जमलं की चौथीला लाथ मारून बॉल देऊन टाकतात

बंड्या मिलवॉकी: हो आई. पंट

कुसुमआत्या सांगली: आमच्या कबड्डीत त्याला करो या मरो म्हणतात, देऊन टाकत नाहीत. ४-१२ झालेल्या टीमला भीती कसली, खेळायची ना चौथी

जावईबापू: आत्या 👏 हे मात्र पटलं. गमावण्यासारखं काही नसेल तर चौथ्या डाउनला पंट करणं हा भेकडपणा आहे

नाना नेपरव्हिल: कुसे तू पंटचा विषय काढलास म्हणून सांगतो. २०११ चा सप्टेंबर. पॅकर्स पंट करतायत आणि आपल्याकडे डेव्हिन हेस्टर, पंट पकडून परत पळणारा जगातला एक नंबरचा रिटर्नर. हेस्टर एका बाजूला पळत गेला, वर बघितलं, हात पसरले, जणू बॉल तिथेच पडतोय. पॅकर्सची सगळी फौज त्याच्यामागे. आणि बॉल पडला पलीकडच्या टोकाला जॉनी नॉक्सच्या हातात, त्याच्याजवळ चिटपाखरू नाही, ८९ यार्ड पळत गेला एकटा. पंट मारल्यावर मान खाली घालून पळणाऱ्याला बॉल दिसत नसतो, तो रिटर्नरकडे बघून पळतो, त्यावर सगळी गंमत. उद्या हेच करायला पाहिजे

कुसुमआत्या सांगली: ही तर हूल

नाना नेपरव्हिल: हूलच!

बंड्या मिलवॉकी: मामा आणि तो टचडाउन होल्डिंगच्या फाउलमुळे रद्द झाला आणि मॅच आम्ही जिंकलो हे सांगायचं राहिलं का

नाना नेपरव्हिल: ते होल्डिंग नव्हतंच

मेघाताई: बाबा १३ वर्षं झाली. अशी ट्रिक एकदाच चालते, प्रत्येक कोचने ती टेप बघितलेली असते. कुणी करत नाही आता

जावईबापू: नाना आता पुढचं फ्रीज परत आणा म्हणतील 😂

नाना नेपरव्हिल: हसा

बंड्या मिलवॉकी: तुमचा खरा प्रॉब्लेम शेवटच्या मिनिटाचा आहे. नोव्हेंबर विसरलात?

मेघाताई: नको रे

बंड्या मिलवॉकी: १९-२०, साधारण ३५ सेकंद, टाइमआउट हातात. अजून एक चढाई करून पुढे जायचं सोडून तुमच्या तेव्हाच्या कोच एबरफ्लूसने घड्याळ ३ सेकंदांपर्यंत वाहू दिलं आणि किकर सँटोसला ४६ यार्डवरून मारायला लावलं. आमच्या कार्ल ब्रूक्सचा हात मधे. आमची पोरं नंतर म्हणाली की सँटोसची किक खालून जाते आणि तुमची मधली लाइन ढकलली जाते हे आधीच बघून ठेवलं होतं

नाना नेपरव्हिल: त्याच माणसाने नंतर थँक्सगिव्हिंगला डेट्रॉइटमध्ये टाइमआउट खिशात ठेवून मॅच घालवली. दुसऱ्या दिवशी काढला. बेअर्सच्या इतिहासात सीझनच्या मधे कोच काढला नव्हता कधी, तो मानही त्यालाच

मेघाताई: यावर मी खरंच विचार केलाय. किक जितकी लांबची तितकी ती खालून मारावी लागते, नाहीतर पोचत नाही. म्हणजे अंतर वाढलं की दोन्ही धोके वाढतात, पोचायचा पण आणि अडवली जायचा पण. म्हणून जवळ जायचं. ५-७ यार्ड जास्त मिळाले की सँटोस ती उंच मारू शकतो, मग ब्रूक्सने कितीही हात वर केले तरी काही नाही. उद्या शेवटी किकवर आलं तर ४० च्या आतून मारा, नाहीतर मारूच नका, चौथी खेळा

नाना नेपरव्हिल: मान्य. ४० च्या आतून. हा ठराव समजावा

जावईबापू: अनुमोदन. हरण्याला माझा पाठिंबा कायम ठेवून

कुसुमआत्या सांगली: बंड्या मी उद्या माहेरच्या बाजूने आहे. मॅच इथे रात्री साडेअकराला लागेल, जागी आहे मी

बंड्या मिलवॉकी: आई!!

कुसुमआत्या सांगली: बर्फ मामाने किती वर्षं काढायचा

रविवार, ५ जानेवारी २०२५

ओंकार: आजोबा

ओंकार: आजोबाआआआ

बंड्या मिलवॉकी: हे काय आहे

बंड्या मिलवॉकी: हे काय आहे????

मेघाताई: मी ऑन रेकॉर्ड शब्द मागे घेते. पॅकर्सच्या पंटवर आपला कार्टर तिकडे हात पसरून पडला, पॅकर्सचे सगळे त्याच्याचकडे बघत होते, मीसुद्धा, आणि बॉल इकडे ब्लॅकवेलकडे. ९४ यार्ड!!

कुसुमआत्या सांगली: हूल! मी इथे एकटी ओरडले, शेजारच्यांनी लाइट लावला

बंड्या मिलवॉकी: फ्लॅग बघा, फाउलचा फ्लॅग असेल

ओंकार: नो फ्लॅग

मेघाताई: बाबा मेसेज टाकत नाहीयेत कारण त्यांना बोलता येत नाहीये. हातात वडा तसाच आहे आणि टीव्हीकडे बोट दाखवून "नव्हतंच, नव्हतंच" म्हणतायत. २०११ चं होल्डिंग

बंड्या मिलवॉकी: लव्हच्या हाताला लागलंय, कोपर. त्याच्या जागी विलिस येतोय. देवा

नाना नेपरव्हिल: बंड्या लव्हचं वाईट वाटलं. खरंच. अशी जिंकायची नसते

जावईबापू: नाना अजून जिंकलेलो नाही आणि जिंकू नये अशी माझी लेखी विनंती आहे

मेघाताई: त्यांच्या किकर मॅकमॅनसने ५५ यार्डवरून मारली. आपण २१-२२ ने मागे. ५४ सेकंद उरलेत

बंड्या मिलवॉकी: गुड नाइट मामा. फावडं गाडीत टाका

मेघाताई: थांब जरा. मूरने पकडला

ओंकार: सँटोस ५१ यार्डवरून मारतोय

नाना नेपरव्हिल: ५१?? ठराव काय झाला होता ४० च्या आत

मेघाताई: वेळ नाहीये बाबा

नाना नेपरव्हिल: खालून जाणार. अडवणार. मी बघत नाही, मी किचनमध्ये आहे

कुसुमआत्या सांगली: काय झालं? माझं नेट गोल गोल फिरतंय

कुसुमआत्या सांगली: अरे कुणीतरी सांगा

कुसुमआत्या सांगली: बंड्या??

बंड्या मिलवॉकी: गेली आई

कुसुमआत्या सांगली: गेली म्हणजे आत की बाहेर

बंड्या मिलवॉकी: आत. २४-२२

ओंकार: बेअर डाउन!!! आजोबा किचनमधून पळत आले त्यांची चप्पल डायनिंग टेबलखाली आहे

मेघाताई: माझं ४० यार्डांचं शास्त्र कुणी स्क्रीनशॉट काढून ठेवू नका

जावईबापू: ५-१२. ड्राफ्टमध्ये घसरलो. कळवण्याचं काम केलं.

नाना नेपरव्हिल: जावईबापू वडे संपवा आधी

नाना नेपरव्हिल: बंड्या, मंगळवारी १४ ला संक्रांत आहे. तू त्याआधीच्या शनिवारी ये. फावडं माझ्याकडे दोन आहेत

बंड्या मिलवॉकी: मामा यंदा नेपरव्हिलला बर्फच नाही फारसा

नाना नेपरव्हिल: पडेल. थांबायची सवय आहे आम्हाला