मदत हवी आहे: बुलेट ३५० ला 'रेसिंग' कॅम टाकले आणि घाटातला जोर गेला

घाटातला_बुलेटवाला:
मंडळी, लांबलचक लिहितोय, पण अर्धवट सांगितलं तर तुम्ही परत विचारणारच.

गाडी १९९६ ची बुलेट ३५०. बिडाचं इंजिन, ७० मिमी बोअर, ९० मिमी स्ट्रोक, ३४६ सीसी. उजव्या पायात चार गियर, पॉइंटवाली (पॉइंट उघडले की ठिणगी पडते), व्हीएम २४ कार्बोरेटर. वडिलांची गाडी. मी साताऱ्यात आणि सासुरवाडी पाचगणीला, म्हणजे महिन्यातून दोनदा पसरणी घाट. मागे बायको आणि तिच्या मांडीवर सासूबाईंसाठी काही ना काही.

दिवाळीआधी टायमिंग कव्हरमधून तेल यायला लागलं. उघडलं तर दोन्ही कॅमच्या (व्हॉल्व्ह उघडणारे फिरते तुकडे) लोबवर, म्हणजे उंचवट्यावर, बारीक खड्डे. जोडी बदलायची ठरली, आणि नेमक्या त्याच वेळी एका ओळखीच्याने पुण्याहून जास्त लिफ्टचे, म्हणजे व्हॉल्व्ह जास्त उघडणारे, कॅम सेकंडहँड देऊ केले. सोबत कागद नाही, नंबर नाही. स्वस्तात मिळत होते आणि खरं सांगायचं तर हाव सुटली. मी आणि मेहुण्याने दोन रविवार घालून बसवले. कॅमच्या गियरवरच्या खुणा जुळवल्या, दोन वेळा तपासल्या.

आता परिस्थिती अशी: आयडल धड धरत नाही, वाढवून ठेवावं लागतं. किक उलटी मारते, परवा घोटा सुजला. खालून जोरच नाही. पूर्वी घाटात तिसऱ्यावर आरामात चढायची, आता दुसऱ्यावर रडते आणि अ‍ॅक्सिलरेटर एकदम पिळला की कार्बोरेटरमधून फटकन उलटं थुंकते. उजव्या बाजूने टिकटिक येते ती वेगळीच. पण हायवेला सत्तरच्या पुढे मात्र अशी पळते की विचारू नका!

खुणा चुकल्या असतील का? की जेटिंग, म्हणजे कार्बोरेटरचे पेट्रोलचे जेट बदलणं, करावं लागेल? कुणी हे केलंय का?

चौथा_गियर:
टायमिंग चेस्टचा (कॅमचे गियर असतात तो भाग) फोटो टाका. खुणा जुळल्यात असं प्रत्येकजण म्हणतो.

आरएक्सप्रेमी:
माझ्या आरएक्स १०० ला पण असे कॅम टाकता येतील का? पुण्यातल्या माणसाचा नंबर द्या.

चौथा_गियर:
@आरएक्सप्रेमी, टू-स्ट्रोकला कॅम शोधून दाखवा, मी स्वखर्चाने बसवून देतो.

शिरोलीचा_फिटर:
बुलेटवाले, जेटला अजून हात लावू नका. तुमच्या तक्रारी तीन आहेत आणि त्यांची कारणंही बहुधा तीन आहेत. सगळं कॅमवर ढकललंत तर महिनाभर खेळत बसाल.

किक उलटी मारते ते इग्निशन पुढे गेल्यामुळे, म्हणजे ठिणगी वेळेच्या फार आधी पडते. पॉइंटची शाफ्ट त्याच गियरच्या रांगेतून फिरते. कॅम काढताना ती हलली असणार. पॉइंट उघडण्याची वेळ आधी नीट लावा, ते होईपर्यंत किक मारू नका. घोटा एकच वेळा सुजतो, दुसऱ्यांदा मोडतो.

टिकटिक: टॅपेट (लोबवर टेकून पुशरॉडच्या दांड्याने व्हॉल्व्ह उघडणारे) कसे लावले? थंड इंजिन, कॉम्प्रेशनचा टीडीसी (पिस्टन सगळ्यात वर), पुशरॉड दोन बोटांत सहज फिरला पाहिजे पण वरखाली हलता कामा नये. डीकॉम्प्रेसरची (किक हलकी करायला एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उचलणारा) केबल ताणलेली नाही ना तेही बघा. ताणली असेल तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही आणि आयडलचीही वाट लागते. आणि मुख्य प्रश्न, टॅपेट जुनेच ठेवलेत का? जुन्या टॅपेटच्या तळाला जुन्या कॅमची घडण झालेली असते. नवा लोब त्याच्यावर घासला की दोघेही जातात.

आता कॅम. कागद नाही म्हणजे तो कॅम काय आहे हे कुणालाच माहीत नाही, देणाऱ्यालाही नाही. तेव्हा मोजा. अवघड नाही, वेळखाऊ आहे.

एक जुनी सीडी घ्या, तिच्यावर ३६० अंशांचं छापील वर्तुळ चिकटवा. डावं प्राइमरी कव्हर काढा, बुलेटचं ते एका नटावरच असतं, खाली तेलाला घमेलं ठेवा. रोटरच्या नटाला सीडी अडकवा आणि तारेचा काटा करा. डावीकडून पाहताना इंजिन घड्याळाच्या उलट फिरतं, हे सीडीवर बाण काढून लिहून ठेवा, मी स्वतः एकदा उलटं मोजून अर्धा दिवस घालवलाय. टीडीसी डोळ्यांनी धरू नका. जुन्या प्लगचं पोट काढून त्यात बोल्ट बसवा, पिस्टन हलक्या हाताने दोन्ही बाजूंनी त्याला टेकवा, दोन आकड्यांच्या मधोमध खरा टीडीसी. मग वरचं रॉकर कव्हर काढून डायल गेज (व्हॉल्व्ह किती मिमी हलला ते दाखवणारं) व्हॉल्व्हच्या कॉलरवर, म्हणजे स्प्रिंगच्या वरच्या टोपीवर, टेकवा. गेजचा मॅग्नेट अ‍ॅल्युमिनियमच्या क्रँककेसला धरणार नाही, बिडाच्या बॅरलला धरतो.

इनलेट (मिश्रण आत घेणारा व्हॉल्व्ह) १ मिमी उघडल्यावर किती अंश आणि बंद होताना १ मिमी उरल्यावर किती, एवढं लिहा. काढलेल्या जुन्या कॅमचंही तसंच करा. झिजलेले असले तरी तुलनेला चालतात.

खुणांची शंका असेल तर कॅम गियरचे दात मोजा आणि ७२० ला त्या आकड्याने भागा. एक दात चुकला की क्रँकचे तेवढे अंश सरकतात.

घाटातला_बुलेटवाला:
काका, केलं. मेहुणा आता माझ्याशी बोलत नाही.

इनलेट, नवा कॅम: टीडीसीच्या आधी २४ ला उघडतो, बीडीसीनंतर (पिस्टन सगळ्यात खाली) ७६ ला बंद. जुना: १२ आधी, ५२ नंतर.
एक्झॉस्टचंही तसंच, नवा बराच आधी उघडतो.
पॉइंट खरंच पुढे गेले होते. लावले, किक आता शहाण्यासारखी लागते.
टॅपेट जुनेच होते. एक काढून बघितला, तळाला नखाला लागेल अशी खोबण. फोटो टाकवत नाही.

शिरोलीचा_फिटर:
छान मोजलंय. आता हिशेब बघा.

नवा: २४ + १८० + ७६ = २८० अंश. जुना: १२ + १८० + ५२ = २४४. लोबचा मध्य नव्याचा टीडीसीनंतर ११६ वर, जुन्याचा ११० वर. फरक सहाच अंशांचा, आणि एका दातात सहाहून खूप जास्त सरकतं. म्हणजे खुणा बरोबर, तुमची चूक नाही. कॅमच तसा घासलेला आहे.

सगळा खेळ त्या ७६ चा. पिस्टन खालून वर निघाला तरी इनलेट उघडाच. कनेक्टिंग रॉडची लांबी धरून ढोबळ काढलं तर जुना कॅम बंद होतो तेव्हा पिस्टन १४ मिमी वर आलेला असतो आणि नवा बंद होतो तेव्हा २८. म्हणजे ९० पैकी २८ मिमी दाबायचं सोडून आत आलेलं मिश्रण परत कार्बोरेटरकडे ढकलतोय. तेच तुमचं फटकन थुंकणं. जास्त आरपीएमला हवेला आत यायचा वेग असतो, ती पिस्टनला न जुमानता येत राहते, म्हणून सत्तरच्या पुढे पळते. घाटात तुम्ही असता २५०० ला, तिथे ती हवा परतच जाणार. जेट बदलून हे सुटत नाही.

आणि त्या वरच्या आरपीएमचं करणार काय? ९० चा स्ट्रोक ५००० ला १५ मीटर प्रतिसेकंद सरासरी पिस्टनवेग देतो, ६००० ला १८. खाली बिग एंडला, म्हणजे कनेक्टिंग रॉडच्या खालच्या टोकाला, फ्लोटिंग बुश (रोलरऐवजी सैल फिरणारी नळी). ते इंजिन टुकटुक चालायला बनलंय. हा कॅम कुणी हाय कॉम्प्रेशन पिस्टन, मोठा कार्बोरेटर आणि मोकळा सायलेन्सर लावून सरळ रस्त्याला पळवत असेल तर शोभेल.

अजून एक, लिफ्ट वाढवताना स्प्रिंगचे वेटोळे एकमेकांना टेकतात का, कॉलर गाइडवर आपटतो का, हे तपासलं होतं? पिस्टनवर मुलांच्या खेळातली क्ले लावून दोन पूर्ण फेऱ्या हाताने फिरवायच्या, हेड काढून ब्लेडने कापून जाडी बघायची, तेच व्हॉल्व्ह आणि पिस्टनमधलं अंतर. इनलेटला दीड, एक्झॉस्टला दोन मिमीच्या खाली असेल तर बसवायचंच नाही. तुम्ही हे केलं नाहीत असं वाटतं. नशीबवान आहात.

घाटातला_बुलेटवाला:
नाही केलं :( 
मग घाटासाठी घ्यायचं काय? इंग्लंडचे हिचकॉक्सवाले बुलेटचे परफॉर्मन्स कॅम विकतात, ते?

शिरोलीचा_फिटर:
कुणाचेही घ्या, आकड्यांचा कागद बघून घ्या. तुमच्यासाठी इनलेट लवकर बंद होणारा हवा, लिफ्ट थोडी जास्त असली तर हरकत नाही. पण माझं ऐकाल तर साधी स्टँडर्ड जोडी टाका, टॅपेट नवे टाका आणि उरलेल्या पैशात व्हॉल्व्ह सीट घासून रिंगा बघा. ३० वर्षांच्या गाडीत हरवलेलं कॉम्प्रेशन परत आलं की तोच मोठा अपग्रेड.

बसवताना लोबला आणि टॅपेटच्या तळाला मॉलीचं ग्रीस भरपूर चोळा. ऑइल पंपाचा वर्म (पंप फिरवणारा स्क्रूसारखा तुकडा) उलट्या आट्यांचा आहे, जोर लावून मोडू नका. पहिल्यांदा सुरू झाली की आयडलला ठेवू नका, पंधरा मिनिटं अंदाजे २००० वर, थोडं वरखाली करत. समोर पेडेस्टल फॅन लावा. नंतर तेल बदला.

चौथा_गियर:
चेनचं पुढचं स्प्रॉकेट एका दाताने लहान केलं तरी घाटात फरक पडतो. मागचं तर ड्रमसकटच येतं, त्याच्या नादी लागू नका.

शिरोलीचा_फिटर:
बरोबर, पण पुढच्यासाठी क्लच उतरवावा लागतो. आधी कॅम होऊ दे.

घाटातला_बुलेटवाला:
तीन आठवड्यांनी लिहितोय. स्टँडर्ड कॅम, नवे टॅपेट, सीट घासून घेतल्या. काल वाईहून दोघं आणि एक फणस घेऊन चढलो. तिसऱ्या गियरवर, एकाच वळणाला दुसरा टाकला, तोही समोर एसटी आली म्हणून. टिकटिक नाही, थुंकणं नाही. काका, कोल्हापूरला आलो की मिसळ माझ्याकडून.

हायवेला मात्र ती मजा गेली, खोटं कशाला बोलू.

पुण्याचे कॅम विकायचे आहेत, आकडे वर लिहिलेत. आणि टायमिंग कव्हरचं गॅस्केट मी घाईत बसवलं, तेल परत यायला लागलंय. त्याचा वेगळा धागा काढतो.